पाप असते तर बरे झाले असते

धर्मग्रामाच्या कार्यालयात येणाऱ्या माणसांची कामे साधारणपणे ठरलेली असतात. कुणाला स्नानसंस्काराचा दाखला हवा असतो, कुणाला आईवडिलांच्या स्मृतिदिनाची मिस्सा सांगायची असते, कुणाला मुलीच्या लग्नाची तारीख नक्की करायची असते. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर, दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचे काम आपल्याला ओळखता येते, असा एक समज माझ्याही मनात घर करून बसला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये, उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात, एका संध्याकाळी तो समज मोडला.

दारात बाई उभ्या होत्या. बाई म्हणजे आमच्या गावच्या मराठी शाळेतील निवृत्त शिक्षिका. गावातील निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली, म्हणून साऱ्या गावाच्या त्या बाई. डोक्यावरचा पदर त्यांनी कपाळावर पार खाली ओढून घेतला होता. खुर्चीवर बसल्या आणि काही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "फादर, एक विचारायचं होतं. भुवया कोरून त्यात रंग भरून घेणं हे पाप आहे का?"

मी घाईने म्हणालो, "नाही हो बाई. असल्या गोष्टीचं पाप कसलं?"

त्यांचा चेहरा उजळेल असे मला वाटले होते. तो अधिकच उतरला. त्या म्हणाल्या, "पाप असतं तर बरं झालं असतं, फादर. पापनिवेदन केलं असतं, क्षमा मिळाली असती, मोकळी झाले असते. हे पापच नाही, तर मग हे घेऊन मी जाऊ कुठं?"

या प्रश्नाला त्या संध्याकाळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही पापांचे प्रकार, त्यांचे गांभीर्य, त्यांच्या पूर्ततेच्या अटी हे सर्व तोंडपाठ केले होते. पण जी गोष्ट पाप नाही आणि तरीही माणसाला रात्रभर जागी ठेवते, तिच्यासाठी कोणता दरवाजा ठोठवावा, हे आम्हांला कुणी विचारले नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. ही हकिकत मी बाईंच्या संमतीने लिहीत आहे. ती मला पापनिवेदनात कळलेली नाही. तशी कळली असती, तर लेखणीला हात लावण्याचाही मला अधिकार नव्हता. लिहून झालेला मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एकाच ठिकाणी मला अधिक कठोर व्हायला सांगितले, आणि ते ठिकाण माझ्याविषयीचे होते.

घडले ते असे. जानेवारी २०२३ मध्ये बाईंच्या धाकट्या मुलाचे लग्न होते. वयोमानाने बाईंच्या भुवया विरळ झाल्या होत्या. सुनेकडच्या एका नातलग स्त्रीने डिसेंबरात त्यांना सुचवले की, रोज पेन्सिलने रेघा ओढण्यापेक्षा 'मायक्रोब्लेडिंग' करून घ्या. वर्ष-दीड वर्ष काही पाहायला नको, पुढे ते आपोआप फिकट होते. बाई एका दुपारी पार्लरमध्ये गेल्या आणि दोन तासांत नव्या भुवया घेऊन घरी आल्या.

ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हाती धरायच्या एका लहानशा अवजाराला अतिशय बारीक सुयांची रांग बसवलेली असते. तिने कातडीवर केसाएवढे बारीक छेद घेतात आणि त्यांत रंग भरतात. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो व खालून नवा येत असतो. रंग तेवढ्यातच राहिला तर काही आठवड्यांत निघून जाईल. म्हणून तो किंचित खाली, आतल्या थराच्या वरच्या भागात पोचवावा लागतो. आपल्या भागातील वयस्क आदिवासी स्त्रियांच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण आपण पाहिलेले आहे. ते आणखी खोल असते आणि जन्मभर टिकते. मेल्यावर बरोबर येणारा दागिना तोच एक, अशी त्याविषयीची जुनी समजूत आहे. मायक्रोब्लेडिंग पेन्सिलीसारखे संध्याकाळी पुसता येत नाही आणि गोंदणासारखे आयुष्यभराचे म्हणून कुणी स्वीकारतही नाही. त्याला 'अर्ध-कायम' म्हणतात. त्या शब्दाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

लग्न थाटात झाले. छायाचित्रांत बाई चांगल्या दिसल्या, असे सगळ्यांनी सांगितले. पण भुवयांची कमान मूळ जागेपेक्षा उंच काढली गेली होती. चेहरा सतत कशाचे तरी आश्चर्य वाटत असल्यासारखा दिसू लागला. लग्नाच्या आनंदात ते खपून गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये बाईंची आई वारली. नव्वदीच्या घरातील त्या माउलीची चार वर्षे बाईंनीच सेवा केली होती. शवपेटीपाशी बाई रडत होत्या. डोळे रडत होते आणि भुवया नवल करीत होत्या. मागच्या बाकावरच्या दोघी-तिघी एकमेकींच्या कानाला लागल्या. बाईंना ते दिसले. नंतर त्या मला म्हणाल्या, "फादर, माझ्या आईच्या मरणाच्या दिवशी माझा चेहरा माझं दुःख सांगेना."

पुढे काही महिन्यांत काळ्या रंगाचा तांबूस रंग झाला. या रंगांत अनेकदा निरनिराळी द्रव्ये मिसळलेली असतात. ती एकाच गतीने उडत नाहीत, काळेपणा आधी जातो आणि तांबूसपणा मागे उरतो. वर्ष उलटून गेले तरी भुवया गेल्या नाहीत. बाईंनी पदर खाली ओढायला सुरुवात केली. त्यांच्या पलीकडच्या बाकावर बसणाऱ्यांना वाटले, बाईंची भक्ती वाढली.

आता माझी गोष्ट. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी राखेचा बुधवार आणि व्हॅलेंटाइन डे एकाच दिवशी आले होते. तरुणांचे लक्ष वेधावे म्हणून मी प्रवचनात थोडा विनोद केला. देवाने दिलेल्या भुवया ज्यांना पसंत नाहीत आणि ज्यांनी विकतच्या लावून घेतल्या आहेत, त्यांच्या कपाळावर राख लावताना ती नेमकी कुठे लावावी असा मला प्रश्न पडतो, असे काहीतरी मी बोललो. देऊळ हसले. धर्मगुरूला आपल्या विनोदावर देऊळ हसलेले आवडते. बाई राख न घेताच घरी गेल्या.

ते बोलताना बाई माझ्या मनात नव्हत्या, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. बाईंनी कठोर व्हायला सांगितले ते येथे. खरे हे आहे की, ऑगस्टमधील अंत्यविधीच्या वेळचा त्यांचा चेहरा मी वेदीवरून पाहिला होता, आणि तो माझ्या लक्षात होता.

आधी बाईंचा मूळ प्रश्न घेऊ. चेहऱ्याला रंगरूप देणे हे पाप आहे काय? प्रवचनकारांना या विषयावर ईजबेल राणी फार उपयोगी पडते. मृत्यू दाराशी आला असता तिने डोळ्यांत काजळ घातले आणि केस विंचरले (२ राजे ९:३०). पण शास्त्रलेख नीट वाचला, तर ईजबेलचा अपराध काजळाचा नव्हता हे ध्यानात येते. तिने नाबोथ नावाच्या शेतकऱ्याला खोट्या साक्षीने ठार करवले आणि त्याचा द्राक्षमळा नवऱ्याच्या घशात घातला (१ राजे २१). काजळावर बोलणे सोपे असते. मळा बळकावण्यावर बोलायला धैर्य लागते. उलट, याच बायबलमध्ये यूदीथ सुगंधी तेल लावते, केस सावरते, दागदागिने घालते आणि आपल्या लोकांना वाचवते (यूदीथ १०). तिच्या सौंदर्याला शास्त्रलेख नावे ठेवीत नाही.

आणि प्रभू येशू? उपवास करताना तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असे तो सांगतो (मत्तय ६:१७). लक्षात घ्या, राखेच्या बुधवारचे शुभवर्तमान हेच आहे. म्हणजे मी विनोद केला त्याच्या अवघी पाच मिनिटे आधी हे शब्द मी स्वतःच्या तोंडाने वाचले होते. चेहरा ज्याचा त्याने पाहावा आणि अंतःकरण देवाने पाहावे, हा त्या शुभवर्तमानाचा आशय. मी नेमका दुसऱ्याचा चेहरा पाहत बसलो.

ख्रिस्तसभेच्या आद्य आचार्यांपैकी काहींनी या बाबतीत फार कडक लिहिले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिसऱ्या शतकातील कार्थेजचे संत सिप्रियन यांनी चेहरा रंगवणाऱ्या स्त्रियांना एक भय घातले आहे: पुनरुत्थानाच्या दिवशी तुमचा निर्माता तुम्हांला ओळखणार नाही. हे वाक्य सेमिनरीत वाचले तेव्हा मला जोरकस वाटले होते. आज मला त्याच्यासमोर योहानाच्या शुभवर्तमानातील बाग दिसते. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मरिया प्रभूचा चेहरा पाहूनही त्याला ओळखत नाही. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा ओळखते (योहान २०:१६). ओळख नावाने पटते. मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्या नावाने हाक मारतो, ते नाव कोणत्याही पार्लरमधील रंगाखाली झाकले जात नाही.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ईश्वरविद्येच्या महाग्रंथात स्त्रियांच्या शृंगारावर एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. ते सिप्रियनांचे वचन समोर ठेवतात आणि सौम्यपणे वेगळा निर्णय देतात. नसलेले सौंदर्य दाखवणे वेगळे आणि आजारासारख्या कारणाने आलेली विरूपता झाकणे वेगळे. पहिले कृत्यही प्रत्येक वेळी महापाप ठरत नाही. कामुकतेसाठी किंवा देवाच्या अवमानासाठी केले तर ठरते. मुलाच्या लग्नात चार माणसांत नीट दिसावे, या इच्छेला मी कोणत्या रकान्यात टाकू? फार तर थोडी हौस, थोडी घाई. तेव्हा "पाप नाही" हे माझे उत्तर चूक नव्हते. पण बाईंनी विचारलेला खरा प्रश्न तो नव्हताच.

पाप आणि चूक यांत फरक आहे. पापात माणूस प्रकाशाकडे पाठ फिरवतो. चुकीत त्याला पुरेसे दिसलेलेच नसते. पापासाठी संस्कार आहे, पापक्षमेचे शब्द आहेत, प्रायश्चित्त आहे. चुकीसाठी काय आहे? चुकीच्या माणसावर विश्वास टाकून गमावलेली जमीन, घाईने बदललेली नोकरी, आजारी माणसाला उशिरा दवाखान्यात नेल्याची खंत: आपल्या धर्मग्रामातील किती घरे अशा ओझ्याखाली वाकलेली आहेत! ही माणसे पापनिवेदनाच्या वेळी ते ओझे सांगतात, आणि आम्ही धर्मगुरू त्यांना समजावतो की, हे पाप नाही. ती ओझे तसेच उचलून घरी जातात.

बाईंच्या बोलण्यातून मला एक गोष्ट हळूहळू उमगली. हळहळ आणि पश्चात्ताप या दोन भिन्न गोष्टी आहेत. हळहळ म्हणते, 'हे घडलेच नसते तर!' पश्चात्ताप म्हणतो, 'हे घडले, आणि ते मी केले.' हळहळीला काळ मागे फिरवायचा असतो. आणि ते तर कुणालाच शक्य नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात ॲगॅथॉन नावाच्या कवीची साक्ष काढली आहे की, झालेले न-झालेले करणे एवढी एकच गोष्ट देवाच्याही हाती नाही. अक्वायनस तेच मान्य करतात. पतन पावलेल्या माणसाच्या देहामनातील सारी मलिनता देव दूर करू शकतो. पण ते पतन झालेच नव्हते, असे तो करीत नाही. त्यात देवाचे सामर्थ्य उणे होत नाही. कारण घडलेले न-घडलेले असणे हा मुळातच विसंगत शब्दप्रयोग आहे.

प्रथमदर्शनी हे मत निर्दय वाटते. विचार केल्यावर त्यातच दिलासा आहे. पेत्राने कोळशाच्या शेकोटीपाशी उभे राहून तीन वेळा प्रभूला नाकारले (योहान १८). पुनरुत्थानानंतर प्रभूने ती रात्र पुसून टाकली नाही. त्याने किनाऱ्यावर पुन्हा तसाच कोळशाचा विस्तव केला आणि तीन वेळा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस का (योहान २१). जुन्या जखमेच्या नेमक्या जागेवर त्याने हात ठेवला. क्षमा भूतकाळ खोडत नाही, त्याला नवे काम देते.

येथे 'अर्ध-कायम' या शब्दाकडे येतो. मला वाटते, त्या शब्दातच या चुकीचे मूळ आहे. आपल्याला निर्णयाचे सुख हवे असते आणि निर्णयाचा भार नको असतो. वर्षभरात आपोआप जाईल, या भरवशावर आपण विचार न करता हो म्हणतो. अक्वायनस अविवेकी घाईची तुलना जिना न उतरता वरून खाली कोसळण्याशी करतात. गतकाळाची आठवण, वर्तमानाची जाण, पुढचा अंदाज आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला या जिन्याच्या पायऱ्या. 'अर्ध-कायम' हा शब्द आपल्याला सांगतो की, पायऱ्यांची गरज नाही, खाली गादी अंथरलेली आहे. पण कोणतेही कृत्य अर्धे कायम नसते. त्याचा रंग फिकट होतो. ते केले होते ही गोष्ट फिकट होत नाही.

मार्च २०२४ मध्ये बाई मुलासोबत मुंबईच्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्या. रंग काढण्याची रीत त्यांनी मला सांगितली, आणि त्यानंतर मीही थोडे वाचले. डोळ्यांवर संरक्षक झाकणे ठेवून लेसरचे अत्यंत सूक्ष्म काळाचे झोत भुवईवर सोडतात. "फोडणीतलं तेल उडावं तसं वाटतं," बाई म्हणाल्या. झोत रंग पुसत नाही, रंगाच्या कणांचा भुगा करतो. पुढे तो भुगा वाहून नेण्याचे काम शरीर स्वतःच, आपल्या गतीने करते. म्हणून दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवडे थांबावे लागते. वैद्यकाने करायचे ते थोडे, वाट पाहणे फार.

डॉक्टरांनी आधीच एक इशारा दिला होता. अशा रंगांत पुष्कळदा लोहाची संयुगे असतात. लेसर पडताच तांबूस लोहसंयुगाचे काळ्या संयुगात रूपांतर होऊ शकते. म्हणून त्यांनी आधी अगदी छोट्या जागेवर करून पाहिले, आणि झालेही तसेच. तांबूस भुवई काढायला गेलेल्या बाई कोळशासारख्या काळ्या भुवया घेऊन परत आल्या. त्या दिवशी त्या देवावरही रागावल्या होत्या. पण ज्यांनी खरा पश्चात्ताप केला आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. आत्मपरीक्षणाला बसलेल्या माणसाचे पाप पहिल्या दिवशी अधिकच काळे दिसते. फिकटपणे सांभाळलेली सबब जळून जाते आणि खरा रंग वर येतो. तेथे घाबरून उठून जाणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या बैठकीला परत येणे हाच धीर.

या वाचनात एक गोष्ट मला विशेष भिडली. गोंदणाचा रंग कातडीत इतकी वर्षे का टिकतो, याचा शोध फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर घेतला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी असे वाटे की, रंग गिळून बसलेल्या पेशी चिरकाल जगतात. त्यांना आढळले ते निराळे. त्या पेशी मरतात. मरताना रंग सोडतात. आणि शेजारी नव्याने आलेल्या पेशी तोच रंग पुन्हा गिळतात. डाग टिकतो, तो एका पेशीच्या हट्टामुळे नव्हे. एकीने टाकला की दुसरी उचलते, म्हणून टिकतो.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. धर्मग्रामात याहून वेगळे काय घडते? चूक करणारा ती केव्हाच टाकून देऊ इच्छितो. बाजूचा ती उचलतो. त्याने सोडली की त्याच्या शेजारचा उचलतो. चाळीस वर्षांपूर्वी पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीची गोष्ट तिच्या नातवंडांच्या वेळी निघते. बाईंच्या भुवयांचा रंग मागच्या बाकावरच्या दोघी-तिघींनी उचलला होता. त्या विसरल्या असत्या. मग तो वेदीवरून मी उचलला, आणि साऱ्या देवळाला वाटला.

मत्तयाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे, जो वाचताना प्रत्येक धर्मगुरूने थांबले पाहिजे. यूदाला आपल्या कृत्याची हळहळ वाटली. तो तीस रुपये घेऊन याजकांकडे गेला. झालेले उलटवण्याची त्याची धडपड होती. त्याने आपला अपराध उघड सांगितला. याजकांनी उत्तर दिले की, त्याचे आम्हांला काय, तुझे तू पाहून घे (मत्तय २७:४). रुपये मंदिरात पडले आणि माणूस फासावर गेला. आपण यूदाच्या निराशेवर पुष्कळ प्रवचने देतो. ज्यांच्या दारात तो आला होता, त्यांच्यावर क्वचित देतो. "हे पाप नाही हो बाई," असे मी घाईने म्हणालो, तेव्हा माझा हेतू वाईट नव्हता. पण बाईंच्या कानांवर त्यातून एवढेच पडले असेल: हे आमच्या खात्यात येत नाही, तुमचे तुम्ही पाहा.

दुसऱ्या आठवड्यात मी बाईंच्या घरी गेलो. चहा झाल्यावर म्हणालो, "बाई, आपल्या दोघांत तुमची चूक होती आणि माझं पाप होतं. मी तुमची क्षमा मागायला आलो आहे." त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "फादर, चारचौघांत बोललात, तर क्षमाही चारचौघांत मागा. माझं नाव न घेता." पुढच्या रविवारी मी ते केले. माझ्या पापाला संस्कार होता. एका शेजारच्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून दहा मिनिटांत मला पापक्षमा मिळाली. बाईंच्या चुकीला पाच बैठका, आठ महिने आणि भुवया घालायला लागले होते त्याच्या दुपटीहून अधिक पैसे लागले. हा हिशेब मी मुद्दाम मांडतो. क्षमा स्वस्त मिळाली म्हणून पाप हलके ठरत नाही, आणि भरपाई महाग पडली म्हणून चूक पाप ठरत नाही.

मग बाईंच्या प्रश्नाचे उत्तर काय? जी गोष्ट पाप नाही, ती घेऊन माणसाने कुठे जावे? मला सापडले ते एवढेच. प्रथम त्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी. तिला पाप म्हणून फुगवू नये आणि 'काही नाही' म्हणून उडवूही नये. मी शहाणा असूनही असा कसा फसलो, या बोचण्यात दुःखापेक्षा अभिमान अधिक असतो, तो ओळखावा. आपण चुकू शकणारी, सल्ल्याची गरज असणारी माणसे आहोत हे मान्य करणे यालाच आपले संत नम्रता म्हणतात. जेवढे दुरुस्त होईल तेवढे धीराने दुरुस्त करावे, आणि पहिल्या प्रयत्नात अधिक काळे दिसले तर परत फिरू नये. उरलेले देवाच्या हाती सोपवावे. त्याच्या पुनरुत्थित देहावरही व्रण राहिले आहेत, आणि ते दाखवायला तो लाजला नाही.

आणि जी माणसे त्या चुकीच्या शेजारी बसलेली आहेत, म्हणजे तुम्ही आणि मी, त्यांनी एकच करावे: टाकलेला रंग उचलू नये.

२ नोव्हेंबर २०२४ रोजी, मृतांच्या स्मरणदिनी, बाई आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला गेल्या. परत येताना दारात थांबून म्हणाल्या, "आज पोटभर रडले, फादर. चेहरा माझाच होता." भुवया पूर्वीसारख्या विरळ होत्या, उजव्या भुवईच्या वर एक फिकट पांढरट रेघ राहिली आहे, ती जाणार नाही असे डॉक्टर म्हणतात.

५ मार्च २०२५ रोजी पुन्हा राखेचा बुधवार आला. रांगेत बाई होत्या. माझ्यासमोर आल्यावर त्यांनी पदर मागे सारला आणि कपाळ पुढे केले. मी त्या रेघेच्या वर राखेचा क्रूस काढला. माणूस मातीचा आहे, याची आठवण देणारे शब्द उच्चारताना माझा आवाज किंचित कापला. बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "या वेळी जागा सापडली ना, फादर?"